कशाला घातलं की पोरगं बाहेर जाईल?

सोमवार

जून लागला की सांगलीत हा प्रश्न विश्रामबागेपासून मिरजेच्या स्टँडपर्यंत कानावर येतो. विचारणारे बहुतेक जण देश ठरवूनच आलेले असतात. भावकीतला कुणी कॅनडात आहे म्हणून कॅनडा, शेजारची पोरगी जर्मनीला गेली म्हणून जर्मनी. मग त्या देशाचा आजचा नियम बघून चार वर्षांच्या कोर्सला ॲडमिशन घेतात.

नुसतं २०२५ साल बघा. मार्चमध्ये कॅनडानं एक्सप्रेस एन्ट्रीतले, म्हणजे कायम राहायला येणाऱ्यांची गुणांवर निवड करायच्या पद्धतीतले, नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले. जुलैमध्ये ब्रिटननं केअर वर्करची परदेशातून नवी भरती बंद केली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं नव्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. २०२१ ला इंजिनिअरिंगला बसलेली बॅच नेमकी त्याच वर्षी बाहेर पडली. त्यांच्या आईबापांनी चौकशी केली तेव्हा यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना तरी काय बोल लावणार?

म्हणून देश शेवटी ठरवावा. आधी दोनच गोष्टी बघायच्या. या शिक्षणाला सरकारी नोंदणी आहे का, किंवा हातानं करून दाखवता येईल असं कसब त्यात आहे का? आणि व्हिसा आलाच नाही तर कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा मिरजेच्या दवाखान्यात त्यावर पोट भरेल का? खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरले ते सोनं-चांदी गाळायचं एक काम हातात घेऊन. दुकान कुठल्या शहरात टाकायचं ते मागाहून ठरलं.

मंगळवार

नर्सिंगचं सविस्तर लिहून ठेवायला हवं, कारण जास्तीत जास्त घोळ तिथंच होतो.

एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी या नर्सिंगच्या तीन कोर्सपैकी एक घरोघरी फी बघून निवडलं जातं. दोन वर्षांच्या एएनएमवर बाहेर रजिस्टर्ड नर्स म्हणून नोंदणी होत नाही. तीन वर्षांचं जीएनएम जर्मनीला चालतं, पण ऑस्ट्रेलिया पदवीच्या तोडीचं शिक्षण मागतं. तिथं जायचं मनात असेल तर बीएस्सीच करावी, नाहीतर पुढं पोस्ट बेसिकची, म्हणजे जीएनएमनंतरच्या बीएस्सीची, आणखी वर्षं धरावीत.

जर्मनीचं वारं आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला तेव्हापासून. नर्सला तिथं पूर्ण मान्यता मिळायला जर्मन साधारण बी-टू पातळीचं लागतं (भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात). जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजानं शून्यापासून बी-टूपर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका होतात. रोज दोन तासिका, एकही सुट्टी न घेता केल्या तरी वर्ष जातं. आणि नाइट ड्यूटी लागलेल्या पोरीला रोज दोन कुठून जमणार? म्हणून कोर्स संपल्यावर नव्हे, दुसऱ्या वर्षातच ए-वन धरायचा. "सहा महिन्यांत बी-टू" अशी पाटी दिसली की क्लासच्या दारातूनच माघारी फिरावं.

गोएथेच्या परीक्षेत बी-वनपासून वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग वेगवेगळे देता येतात. प्रत्येकात ६० टक्के लागतात, आणि राहिला तेवढाच भाग पुन्हा देता येतो. आपल्याकडची मुलं अडकतात ती बहुतेक ऐकण्यात, कारण क्लासात व्याकरण मराठीतून शिकवतात, जर्मन कानावर पडतच नाही. वाचन-लेखन सुटतं आणि कान कोरा राहतो. त्यात बाडेन-वुर्टेम्बर्गातले म्हातारे पेशंट श्वेबिश बोलीत बोलतात, ते आणखी निराळंच.

भाषा झाली तरी लगेच नर्स म्हणून उभं राहता येत नाही. तिथलं कार्यालय आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी विषयवार, तासांसकट ताडून बघतं आणि काय कमी पडतं त्याचं पत्र देतं. ती कमतरता रुग्णालयातल्या पूरक प्रशिक्षणानं भरून काढायची किंवा ज्ञानपरीक्षा द्यायची. तोवर सहायक म्हणून काम करायचं, आणि पगारही सहायकाचाच. ही गोष्ट इथं कुणी सांगत नाही आणि तिथं पहिला पगार हातात आल्यावर कळते. म्हणून कॉलेज सोडतानाच थिअरी किती तास, कुठल्या वॉर्डात प्रॅक्टिकल किती तास, हे लिहिलेलं ट्रान्सक्रिप्ट सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवावं. पाच वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात, कधी कॉलेजच बंद पडलेलं असतं.

ब्रिटनला नर्सच्या नोंदणीसाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत सात आणि लेखनात साडेसहा लागतात. निकाल दोन वर्षंच चालतो, त्यामुळे पहिल्या वर्षाला हौसेनं परीक्षा दिली तर फी वाया जाते.

बुधवार

फार्मसीला थोडक्यात. डी.फार्मवर बाहेर फार्मासिस्ट होता येईल हे डोक्यातून काढून टाकावं. बी.फार्म चार वर्षांची. अमेरिकेच्या फार्मासिस्ट परीक्षेला मात्र २००३ नंतरच्या पदवीधरांना किमान पाच वर्षांचं शिक्षण लागतं, म्हणजे बी.फार्मला दार बंद आणि सहा वर्षांच्या फार्म.डी.ला उघडं. कॅनडाच्या परीक्षांना बी.फार्म चालते. हा फरक ॲडमिशनच्या आधी कळला तर उपयोग. नंतर कळून नुसती चुटपुट लागते.

इंजिनिअरिंगला मुलं ब्रँच विचारतात, पॅकेज विचारतात, पण एनबीएचा, म्हणजे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, टियर (मान्यतेचा वर्ग) कुणी विचारत नाही. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात, म्हणजे एकमेकांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण मान्य करणाऱ्या देशांच्या करारात, आला, तरी त्याखाली मान्यता मिळते ती एनबीएच्या टियर-वन कोर्सलाच, आणि टियर-वन फक्त स्वायत्त कॉलेजांना व विद्यापीठांना. कॉलेजच्या माहितीपुस्तकावर नुसतं "एनबीए मान्यताप्राप्त" छापलेलं पुरत नाही. कुठली ब्रँच, कुठला टियर, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, हे एनबीएच्या यादीत बघावं. ते नसलं म्हणून ऑस्ट्रेलियाचा रस्ता बंद होत नाही, लांबतो. मग स्वतःच्या कामावर एक ते अडीच हजार शब्दांचे तीन वृत्तांत इंग्रजीत लिहून द्यावे लागतात. दुसऱ्याचं उतरवलेलं तिथं सापडतं आणि अर्ज बाद होतो, वर काही काळ पुन्हा अर्ज करायलाही बंदी येते.

आयटीआयवाल्यांना मात्र या कागदांचा जाच कमी. त्यांची परीक्षा हातानं होते.

आखाताच्या कामासाठी मुंबईत ट्रेड टेस्ट होतात, त्यात वेल्डरला बहुतेक सिक्स-जी देतात. पाइप ४५ अंशात तिरका बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. आतला पहिला थर, म्हणजे रूट, टिगनं (आर्गॉन वायूच्या आडोशात करायचं वेल्डिंग) आणि वरचे थर रॉडनं. नापास होतात ते रूटवर. घड्याळातल्या सहाच्या जागी, म्हणजे पाइपच्या बुडाशी, वितळलेला धातू वर आत चढायच्या ऐवजी खाली ओघळतो आणि आतल्या अंगाला खोलगट चर राहते. टॅक, म्हणजे पाइप जागेवर धरायला आधी मारलेला छोटा टाका, नीट घासून पातळ केला नाही तर तिथं जोड धरत नाही. पंख्याच्या झोतात टिग मारला तर आर्गॉन उडून जातो आणि वेल्डला बारीक भोकं पडतात. परीक्षक आधी टॉर्च मारून पाइपच्या आत बघतो. वरचा थर कितीही देखणा असला तरी त्याला त्याचं काही नसतं.

आयटीआयत हात बसतो तो बहुतेक प्लेटवर. पाइप कुठं मिळणार? साखर कारखान्यात. गळीत हंगाम संपला की ऑफ-सीझनला बॉयलर आणि स्टीम लाइनची कामं निघतात आणि सांगली-साताऱ्यात कारखान्यांना तोटा नाही. बॉयलरच्या कामाला आयबीआर, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांखाली परीक्षा पास झालेला, वेल्डर लागतो. त्याच्या हाताखाली दोन ऑफ-सीझन काढलेला पोरगा ट्रेड टेस्टला डगमगत नाही. आणि गेला नाही परदेशी, तरी कारखान्याला तो लागतोच.

शनिवार

आज नावांबद्दल. फाइल रखडते ती गुणांपेक्षा नावांमुळे जास्त.

दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव: पाटील स्नेहल संजय. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाचा वेगळा. तिथं आडनावात पाटील आणि दुसऱ्या रकान्यात स्नेहल संजय. काही जण सगळं एकाच रकान्यात कोंबतात, काही जण मार्कलिस्टवरचा क्रम तसाच उतरवतात आणि आडनावाच्या जागी संजय येतो. पुढं विद्यापीठ, व्हिसा, बँक, सगळीकडे तेच रेटावं लागतं. स्पेलिंगचंही तसंच. पूजा मार्कलिस्टवर दोन "ओ"नं आणि आधारवर "यू"नं. बोर्डाच्या कागदावरची दुरुस्ती शाळेमार्फत, जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासह, कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जाते. ती बारावीच्या सुट्टीत उरकावी, ऑफर लेटर हातात आल्यावर नव्हे.

मुलींचं लग्न ठरलं की घरचे आधी पासपोर्टवरचं नाव बदलायला धावतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही. पदवी माहेरच्या नावानं, कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, तर फाइल पुरी होईपर्यंत पासपोर्टही तसाच राहू द्यावा. सासूबाईंना कुणीतरी नीट समजावून सांगितलं म्हणजे झालं.

मार्कलिस्ट लॅमिनेट करायची नाही. अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याच्या परदेशात चालणाऱ्या सरकारी दाखल्याचा, स्टिकर कागदाच्या पाठीमागं चिकटवतात, प्लॅस्टिकवर तो बसत नाही, आणि लॅमिनेशन सोलताना कागदाची साल निघते. दुबईला अपोस्टिल चालत नाही, तिथं वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो.

अनुभवाच्या दाखल्याचं दुखणं कुपवाडच्या छोट्या फाउंड्र्यांतलं. पगार निम्मा रोखीत, पीएफ नाही, आणि दाखल्यावर "वर्तणूक चांगली होती" एवढीच ओळ. कॅनडाला लेटरहेडवर हुद्दा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा लागतात. नोकरी धरतानाच पगार बँकेत मागावा. मालक कुरकुरतात, पण देतात.

रविवार

पैशांचं. जर्मनीला शिकायला जायचं तर वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) दाखवावे लागतात, आणि अर्जाआधीच एपीएस प्रमाणपत्राचे (आपली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीतर्फे तपासल्याचा दाखला) १८,००० रुपये. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. इथं आपली माणसं अडकतात. द्राक्षबाग चार एकर, पण शेतजमीन बँक शैक्षणिक कर्जाला घेत नाही. गावठाणातल्या घराचा नुसता आठ-अ उतारा असला तरी नाक मुरडते. एनए प्लॉट किंवा दस्त झालेला फ्लॅट लागतो. भावांची वाटणी झालेली नसेल तर सगळ्यांच्या सह्या, म्हणजे आत्याला मुंबईहून बोलवा. हे काम दोन-तीन महिने खातं, म्हणून विद्यापीठाच्या अर्जाबरोबरच सुरू करायचं.

नोकरीसाठी नेणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते त्याच्या परवाना क्रमांकावरून तपासावं. कायद्यानं त्याला उमेदवाराकडून सेवा शुल्क घेता येतं ते ३०,००० रुपयांपर्यंत, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. तेही पावती देऊन. "व्हिसाचे दोन लाख रोख द्या, पावतीचं नंतर बघू" म्हणाला की चहा न घेता उठावं.