फुकट्या

गेल्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी समोर बसलेल्या माणसाला फुकट्या म्हणालो. नाव घेऊन नाही, पण अर्थ तोच निघाला.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये फुटबॉल संपला की गाडी सरकारी भत्त्यांवर येते. कोण पाठदुखीचं सोंग करून घरी बसलाय, कुणाची मेहुणी सरकारच्या भाड्यावर राहते. ‘स्क्राउंजर’, म्हणजे फुकट्या, हा शब्द इथली माणसं थुंकल्यासारखा उच्चारतात. मीही भर घातली. मी टॅक्स भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो, आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला 1,035 पौंडांच्या हिशोबाने व्हिसाबरोबरच मोजलेत, आणि व्हिसाच्या अटीतच लिहिलंय की मला असा भत्ता मागता येणार नाही. मग हे फुकटे कशाला पोसायचे? दोघा-तिघांनी माना डोलावल्या. (परक्या टेबलावर आपलं होण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग, हे आता लिहिताना कळतंय.)

लेथवरच्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘मी घेतो.’’

युनिव्हर्सल क्रेडिट, इथला सरकारी भत्ता. तो फक्त बेकारांना असतो, अशी माझी समजूत होती. पगार तुटपुंजा असेल तर नोकरदारालाही मिळतो आणि कमाई वाढेल तसा कमी होत जातो. हा माणूस सकाळी माझ्याआधी मशीनवर उभा असतो. मुलं तीन. 6 एप्रिल 2017 पासून जन्मलेल्या तिसऱ्या मुलाचे पैसे सरकारने द्यायचे बंद केले होते, हेही त्याच्याकडूनच कळलं. माझ्या मनात लगेच आलं, मग तिसरं कशाला? घरात मी स्वतः तिसरा आहे.

संध्याकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून आईचा फोन. ‘‘दोन महिनं झालं, गृहलक्ष्मी जमाच होईना बघ.’’ गृहलक्ष्मी म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या बाईला दरमहा देतं ते पैसे. बँकेत दोन हेलपाटे झालेले. बस फुकट असली म्हणून हेलपाटा थोडाच फुकट असतो? चंदगडच्या मावशीचे लाडकी बहीणचे पैसे मात्र आले, हे तिने दोनदा ऐकवलं. सीमाप्रश्न आमच्या घरात हल्ली असा बोलला जातो. तिकडे महाराष्ट्रात बायकांना एसटीत अर्धं तिकीट, इकडे कर्नाटकात शून्याचं. तिकडे 1,500, इकडे 2,000.

1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, काळा दिन पाळणाऱ्या घरात कर्नाटक सरकारचे पैसे कसे चालतात, असं मी एकदा चेष्टेत विचारलं होतं. ‘‘साबण घेतला तरी टॅक्स भरतोय की आम्ही. तो कुठं जातोय, मुंबईला?’’

या वेळी म्हटलं, ‘‘आई, मी पाठवतो ना? मग त्या दोन हजारांसाठी एवढा जीव का काढतेस?’’

‘‘तुझ्या पैशातनं भिशी लावली की तू विचारतोस. ह्याचं कोण विचारत नाही.’’

आता कुणी म्हणेल, मुलगा पौंडात कमावतो आणि आईला गृहलक्ष्मी? बाई किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत असेल तर पैसे मिळत नाहीत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आईने आयुष्यात आयकर भरलेला नाही. मुलाच्या पौंडांबद्दल नियम काही म्हणत नाही. मी दोनदा तपासलंय.

आपल्याकडचं एक मला आवडतं, घेताना कुणी आवाज खाली करत नाही. रायबाग तालुक्यातल्या एका आजींनी तर गृहलक्ष्मीचे पैसे साठवून गावाला पुरणपोळ्या घातल्या होत्या. इथे तीन लेकरांचा बाप स्वतःच्या टेबलावर कुजबुजतो. ज्यांनी जगाला कल्याणकारी राज्य शिकवलं, 1942 चा बेव्हरिज अहवाल लिहिला, त्यांची ही तऱ्हा.

अर्थात आपणही काही संत नाही. आमच्या गल्लीतले काका भांगलणीला बायका मिळत नाहीत म्हणून कर्नाटक सरकारच्या या ‘गॅरंटी’ योजनांना रोज शिव्या घालतात. त्यातल्याच गृहज्योतीमुळे त्यांचं स्वतःचं वीजबिल शून्य येतं. ते वेगळं म्हणे. दारात चारचाकी आणि हातात बीपीएल कार्ड, अशीही दोन-तीन घरं मी नावानिशी सांगू शकतो. त्यांचा मला अजूनही राग येतो, आणि तो योग्यच आहे असं मला वाटतं.

बुधवारी मुद्दाम लेथवाल्याच्या शेजारी बसलो. माफीचं इंग्रजी वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं. पण त्यानेच आधी विचारलं, घरी सगळं ठीक ना, काल बाहेर उभा राहून बराच वेळ फोनवर होतास.

‘‘आईचं तिकडचं पेन्शन अडकलंय,’’ मी म्हणालो.

पेन्शन म्हणालो मी.