डॉक्टरांना सांगायचे राहिलेले

गुरुवार, रात्री

कापसाची दुसरी वेचणी आज संपली. काटा यांनी धरला होता आणि वही माझ्याकडे होती. शेवटचे वजन मांडताना समोर उभ्या असलेल्या बाईचे नाव काही केल्या मला आठवेना. कित्येक वर्षांपासून ती आमच्याच वावरात येते, तिच्या मुलीच्या लग्नात आम्ही जेवून आलो, तेही आठवत होते. नाव तेवढे जिभेवर येत नव्हते. शेवटी जाऊबाईंनी मागून हळूच सांगितले.

माझी मिरगी टेम्पोरल लोबमधली, म्हणजे मेंदूच्या कानशिलामागच्या भागातली आहे, आणि तीही डाव्या बाजूची. हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे असे माझ्या बाबतीत सहसा होत नाही. पोटातून काहीतरी गळ्यापर्यंत चढते, विनाकारण भीती दाटते, आणि मग मी एकटक पाहत, तोंड चघळल्यासारखे हलवत पदर चिवडत बसते, असे घरचे सांगतात. नवी आठवण पक्की करणारा हिप्पोकॅम्पस याच भागात असतो आणि बहुतेकांमध्ये शब्द व नावे यांचा भार डाव्या बाजूवर अधिक पडतो. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचा दोन्ही बाजूंचा हा भाग १९५३ साली मिरगीसाठी काढला, तेव्हा झटके कमी झाले, परंतु २००८ मध्ये मरेपर्यंत घडलेली नवी गोष्ट त्याच्या लक्षात राहत नव्हती. त्यामानाने माझे पुष्कळ बरे म्हणायचे.

विसरणे लोकांना दिसते, उदासी दिसत नाही. 'तू फार मनाला लावून घेतेस,' असे सासूबाई मायेनेच म्हणतात. पण भीती आणि इतर भावनांशी संबंध असलेला अमिग्डाला हिप्पोकॅम्पसला लागूनच आहे, आणि या मिरगीत येणारे नैराश्य केवळ लोकलाजेतून येते असे नाही, ते आजाराचाही भाग असू शकते. त्यात लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यापासून झटके उतरले, मात्र पोराने पाणी सांडले तरी मी अंगावर धावून जाऊ लागले. या गोळीने काहींची चिडचिड वाढते. तरी ती मनाने बंद करणे धोक्याचे, कारण झटके उलटून येतात.

तपासणीच्या वेळी 'महिन्यात झटके किती?' एवढेच विचारले जाते आणि आकडा सांगून आम्ही उठतो. सोमवारी मात्र नावे विसरणे, पहाटेची उदासी आणि चिडचिड, तिन्ही कागदावर लिहून नेणार आहे. चिडचिडीचे हेच सांगतील, ती झेलली त्यांनी आहे.