काट्याच्या मशीनचा पत्ता

गुरुवार, रात्री. अमळनेर.

कापसाच्या हंगामात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, वजनकाटा अडला की गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. आज काट्यावरची वजनं ऑफिसच्या बिलिंगमध्ये येईनात. काट्याच्या केबिनमध्ये उबुंटू (लिनक्स) सर्व्हर, ऑफिसात विंडोज सर्व्हर, आणि आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचे आकडे, वाटायचं काम विंडोजकडे. काट्याच्या मशीनसाठी १९२.१६८.१.५० राखून ठेवलेला, बिलिंग तिथेच वजनं शोधतं. मशीन मात्र १९२.१६८.१.११७ घेऊन बसलेलं.

"काय व्हयनं, भाऊ?" काटेवाले आप्पा सारखे विचारत होते. त्यांचा जीव बाहेरच्या गाड्यांत अडकलेला.

मशीनला पत्ताच मिळाला नसता तर सर्व्हरपर्यंत पोहोचच नाही म्हणून केबल, स्विच तपासले असते. इथे पत्ता रीतसर त्याच सर्व्हरकडून आलेला. मग विंडोजच्या डीएचसीपीमधली (पत्ते वाटणाऱ्या सेवेतली) लीजची, म्हणजे कुणाला कोणता पत्ता दिला त्याची, यादी उघडली. बाकी सगळ्या मशीनसमोर युनिक आयडीच्या रकान्यात नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरी मॅक नंबर, आणि काट्याच्या मशीनसमोर 'एफएफ'ने सुरू होणारी लांबलचक ओळ. तिथेच उलगडलं. आरक्षण मॅकच्या नावावर आहे, आणि उबुंटू सर्व्हर स्वतःची ओळख मॅकने देतच नाही. मशीन-आयडीवरून, म्हणजे त्या उबुंटूच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, बनवलेली वेगळी ओळख पाठवतो. कार्ड बदललं तरी मशीन तेच राहावं, हा त्यामागचा विचार. २००६ च्या आरएफसी ४३६१ या इंटरनेटच्या नियमपत्रात तो आहे. विंडोजच्या लेखी मात्र हा कुणी अनोळखी पाहुणा.

अशा वेळी "स्टॅटिक आयपी टाकून मोकळे व्हा", म्हणजे पत्ता मशीनवरच कायमचा लिहून टाका, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. पत्त्यांची नोंद एकाच जागी हवी, नाहीतर पुढच्या हंगामात येणारा माणूस अंधारात चाचपडतो. नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाईलमध्ये त्या कार्डाखाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक' एवढी एक ओळ घातली, नेटप्लॅन अप्लाय करून बदल लागू केला, आणि १.५० मिळाला. आप्पांनी लगेच पुढची गाडी काट्यावर घेतली.

दुसऱ्या गेटचा काटा याच डिस्कची नक्कल करून बसवायचा आहे. नकलेबरोबर मशीन-आयडीही जशीच्या तशी जाते, आणि उद्या कुणी ती मॅकची ओळ काढली तर दोन्ही मशीन एकच पत्ता मागतील. म्हणून नक्कल झाली की आधी तिथली मशीन-आयडी नवी करायची, मगच केबल लावायची.