फ्लॉरेन्सच्या भिंती: भित्तिचित्रांच्या अभ्यासदौऱ्याचा वृत्तांत

इटलीतील फ्लॉरेन्सला जाणारे कलेचे बहुतेक विद्यार्थी उफिझी संग्रहालयाच्या रांगेपासून सुरुवात करतात आणि तिथेच निम्मी शक्ती खर्च करून बसतात. आमचा विषय भित्तिचित्रण असल्यामुळे आम्ही क्रम उलटा ठेवला. जी चित्रे ज्या भिंतीवर रंगवली गेली, ती त्याच भिंतीवर, शक्यतो कालक्रमाने आणि दिवसाला एकच मुख्य जागा धरून पाहायची, आणि संग्रहालयांना उरलेला वेळ द्यायचा, असे ठरवले होते. पुढे जाणाऱ्यांना मी हाच क्रम सुचवीन, कारण एकाच गावात जोत्तो या चित्रकारापासून गिर्लांदायो या चित्रकारापर्यंतची सुमारे पावणेदोनशे वर्षे अशी पायी फिरत पाहता येणे दुर्मिळ आहे.

निघण्यापूर्वी तंत्र समजून घेतलेले बरे. अजिंठ्याची चित्रे माती, शेण, तूस यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकातील रंगांनी काढलेली आहेत. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांची मुख्य पद्धत याहून निराळी होती. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा, म्हणजे चुना घट्ट होताना रंग त्यातच अडकतो. त्यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज चढवावा लागे. या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, आणि तिरप्या प्रकाशात दोन तुकड्यांमधले सांधे आजही ओळखता येतात. एकदा हे सांधे शोधण्याची सवय लागली की काम कोणत्या क्रमाने पुढे सरकले तेही भिंतीवर दिसू लागते.

सुरुवात सांता क्रोचे चर्चपासून करावी. मुख्य वेदीच्या उजवीकडे बार्दी आणि पेरुत्झी ही दोन चॅपेल (चर्चमधली छोटी प्रार्थनादालने) शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही जोत्तोने रंगवलेली आहेत, पण बार्दीत त्याने ओल्या गिलाव्यावर काम केले, तर पेरुत्झीत बरेचसे कोरड्यावर. पेरुत्झीतील चित्रे इतकी विरली आहेत की कित्येक आकृत्यांच्या केवळ छाया उरल्या आहेत. तंत्राचा परिणाम इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. तरुण मायकेलअँजेलोने याच पेरुत्झी चॅपेलमधील दोन आकृत्यांचे रेखाटन केले होते, तेव्हा वही उघडून बसायला संकोच करण्याचे कारण नाही. बार्दीतील संत फ्रान्सिसच्या मृत्यूच्या चित्रात मधोमध मोठी कोरी जागा दिसते. ती पुढच्या काळात भिंतीला लावून उभारलेल्या थडग्याची खूण आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे नवे रंगकाम करून चित्र ‘पूर्ण’ केले गेले होते, विसाव्या शतकातील संवर्धकांनी ते काढून टाकले आणि जागा कोरीच ठेवली. हा निर्णय योग्य होता का, यावर आमच्या गटात रात्री उशिरापर्यंत वाद चालला. माझे मत संवर्धकांच्या बाजूने आहे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या आर्नो नदीच्या पुराने सर्वाधिक नुकसान याच परिसराचे केले. चिमाबुए या चित्रकाराने रंगवलेला भव्य क्रूस याच संकुलात आहे आणि त्यावरचा रंग कुठे कुठे कायमचा गेला, हे पाहिल्यावर पुराबद्दल वाचलेले सारे नीट समजते.

यानंतर लगेच सांता त्रिनिता या लहान चर्चमधील सास्सेत्ती चॅपेल पाहावे. १४८० च्या दशकात गिर्लांदायोने तिथे संत फ्रान्सिसचेच प्रसंग रंगवले आणि मृत्यूच्या चित्राची मांडणी उघडउघड जोत्तोवरून घेतली. शव, भोवती गुडघे टेकलेले शिष्य, दोन टोकांना उभे धर्मगुरू हे सगळे तेच, पण मागे आता एक पूर्ण वास्तू उभी आहे आणि प्रत्येक चेहरा ओळखीच्या माणसाचा वाटावा असा आहे. वेदीच्या वरच्या चित्रात खिडकीतून पडलेला मुलगा जिवंत होतो, तो प्रसंग चित्रकाराने चर्चबाहेरच्या चौकातच घडवला आहे. चित्र पाहून दाराबाहेर आलात की त्यातला स्पिनी वाडा समोर उभा असतो. इथे तिकीट नाही, मात्र चॅपेलमधला दिवा नाणे टाकल्यावर थोडा वेळच लागतो, म्हणून सुटी नाणी खिशात हवीतच.

सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधील मासाच्चो या चित्रकाराच्या ‘त्रिमूर्ती’समोर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) मात्र घाई करू नये. साधारण १४२७ चे हे चित्र १५७० च्या सुमारास वासारी या चित्रकार-वास्तुकाराने पुढे नवी वेदी उभारून झाकले आणि ते पुन्हा उजेडात यायला एकोणिसावे शतक उजाडले. लांबून पाहिले तर भिंतीत खरीच कमान कोरली आहे असा भास होतो. जवळ गेल्यावर ओल्या गिलाव्यात दोरी ताणून आणि टोकदार हत्याराने ओढलेल्या रेघा दिसतात, आणि मरियेच्या चेहऱ्यावर तर मोजणीच्या चौकटी कोरलेल्या आहेत. आमच्यापैकी दोघांनी छोटी दुर्बीण नेली होती आणि तिच्यासाठी सतत ओढाताण चालायची. प्रत्येकाने आपापली नेलेली बरी.

आर्नो नदीपलीकडच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमधील ब्रांकाच्ची चॅपेलसाठी वेळ आधी ठरवून तिकीट घ्यावे लागते, गट लहान असतो आणि आत थोडाच वेळ मिळतो. म्हणून काय पाहायचे ते वहीत लिहूनच जावे. प्रवेशाशी समोरासमोर मासोलिनो या चित्रकाराचे आणि मासाच्चोचे आदम आणि हव्वा आहेत. एकीकडे दोघे फळाखाली शांत उभे आहेत, दुसरीकडे आदमने दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे आणि हव्वेचे तोंड आक्रोशाने उघडे आहे. दोन्ही काम एकाच दशकातले आहे. १९८० च्या दशकातील सफाईत काजळी तर निघालीच, शिवाय नग्नता झाकण्यासाठी लाजेखातर नंतर रंगवलेली पानेही निघाली. मासाच्चोचे काम अर्धवट राहिले होते, ते सुमारे पन्नास वर्षांनी फिलिप्पिनो लिप्पी या चित्रकाराने पुरे केले. एकाच चित्रात दोघांचे हात कुठे जुळतात हे शोधणे हा उत्तम स्वाध्याय आहे.

सान मार्कोचा मठ मी शेवटी ठेवला, आणि तसाच ठेवावा. फ्रा आंजेलिको या साधू-चित्रकाराने वरच्या मजल्यावर साधूंच्या एकेका खोलीत एकेक चित्र काढले आहे. सातव्या खोलीत डोळे बांधलेला ख्रिस्त बसला आहे आणि त्याला मारणारे फक्त हात व थुंकणारे एक डोके हवेत तरंगते आहे. खाली संत डॉमिनिक पुस्तकात मग्न आहे. मठ साधारणपणे दुपारीच बंद होतो, म्हणून सकाळी पहिल्या तासात पोहोचावे.

व्यवहाराचे सांगायचे तर, उफिझी आणि अकादेमिया ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, तो दिवस चर्चसाठी ठेवावा. रविवारी सकाळी मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना असल्याने पर्यटकांना उशिरा प्रवेश मिळतो. सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात, पण गर्दी इतकी असते की अभ्यास होत नाही. १८ ते २५ वर्षे वयाची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर पूर्ण तिकिटाचाच हिशेब धरावा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. रेखाटनासाठी पेन्सिल चालते, शाई आणि घडीची खुर्ची बाहेर ठेवावी लागण्याचा संभव असतो. संवर्धनासाठी परांच्या कुठे लागल्या आहेत ते त्या त्या जागेच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. रेल्वेच्या वेळापत्रकात गावाचे नाव ‘फिरेंत्से’ असते आणि मुख्य स्थानक सांता मारिया नोव्हेल्लाच्या पाठीशीच आहे. रोमहून जलद गाडीला सुमारे दीड तास लागतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. गर्दी कमी असली तरी चारनंतर चर्चमध्ये अंधारून येते.

शाकाहारी मंडळींना ‘रिबोल्लिता’ हे पाव, घेवडा आणि पालेभाजीचे दाट सूप पोटभरीचे होते, मात्र ते मांसाच्या रश्श्यात शिजवले नाही ना, हे विचारून घ्यावे. तिथला पाव अळणी असतो. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते.

अर्धा दिवस मिळाला तर काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला अवश्य जावे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना नोव्हेंबर १८७० मध्ये ऐन विशीत फ्लॉरेन्समध्ये निवर्तले आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यसंस्कार झाला. तिथे १८७४ मध्ये उभारलेली छत्री आणि आतला रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या मोठ्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असेच नाव आहे. ट्राम उद्यानाच्या शहराकडच्या बाजूला सोडते आणि पुढे बरेच चालावे लागते, म्हणून सायकल भाड्याने घेणे सोयीचे.