दोन स्क्रीन, एक पांढरा: प्रोब खूश, डोळे नाराज

मागच्या वेळी म्हटलं होतं ना, नवा ओएलईडी मॉनिटर (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) आला की जुन्या आयपीएसच्या (मागून दिवा असलेल्या एलसीडी मॉनिटरच्या) शेजारी ठेवून दोघांचा पांढरा जुळवतो, एका संध्याकाळचं काम आहे म्हणून, तर आता सहा संध्याकाळी गेल्यात.

आधी चांगली बातमी. आयपीएसचा ग्रे स्केल (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा) एकदाचा सरळ झाला, डेल्टा ई (हव्या आणि दिसणाऱ्या रंगातला फरक) सगळीकडे १ च्या आत, आणि काळ्याजवळच्या पट्ट्या आता एकेक मोजता येतात, पाहत बसावंसं वाटतं इतकं छान!

पण पांढरा छळतोय. दोन्हीकडे उजेड १०० निट्स, दोन्हीकडे डी६५ हा प्रमाण पांढरा (रंगाच्या नकाशावर एक्स ०.३१२७, वाय ०.३२९०), खोलीत अंधार, आणि तरी ओएलईडी पिवळट-हिरवट दिसतो. प्रोबवर (स्क्रीनला लावून रंग मोजायच्या यंत्रावर) संशय घेतला, त्यातलं पॅनलनुसारचं करेक्शन बदललं, शेवटी मित्राचा स्पेक्ट्रो (प्रकाशाचा अख्खा स्पेक्ट्रम मोजणारं यंत्र) आणला, तोही तेच आकडे देतो. म्हणजे मोजमाप बरोबर आहे, घोळ आकड्याच्या मुळाशीच आहे. हा एक्स-वाय १९३१ च्या 'स्टँडर्ड ऑब्झर्व्हर'वर, म्हणजे ठरवून घेतलेल्या सरासरी डोळ्यावर उभा, आणि तो राइट आणि गिल्ड या संशोधकांच्या प्रयोगांतल्या अनुक्रमे १० आणि ७ माणसांच्या डोळ्यांवरून काढलेला, निळ्याच्या टोकाला तर तो कच्चाच आहे. आयपीएसच्या बॅकलाइटचा स्पेक्ट्रम आणि ओएलईडीचा स्पेक्ट्रम वेगळे, त्यामुळे त्या सरासरी डोळ्याला जे सारखं ते माझ्या डोळ्याला सारखं दिसेलच असं नाही.

मग डोळ्यानेच जुळवलं. काळ्या कार्डशीटला नाण्याएवढी भोकं पाडून दोन्ही स्क्रीनवर लावली, आयपीएस तसाच ठेवला आणि ओएलईडीचा ग्रीन गेन (हिरव्याचा जोर) एकेक क्लिक खाली. एक क्लिक जास्त झाली की लगेच गुलाबी. फार वेळ टक लावायची नाही, डोळा सरावतो आणि काहीही पांढरं वाटायला लागतं. जुळल्यावर मोजलं तर एक्स ०.००५ ने आणि वाय ०.०१० ने कमी! जड या संशोधकाने १९३१ च्या ऑब्झर्व्हरमध्ये केलेल्या दुरुस्तीवरून ओएलईडीला जो ऑफसेट लावतात (०.००६ आणि ०.०११) त्याच्या अगदी जवळ. फॅक्टरीच्या कॅलिब्रेशन रिपोर्टपेक्षा भोकाचा पुठ्ठा कामाचा, हे माझं मत पक्कं झालं.

उत्साहात बाबांना बोलावलं. ते म्हणाले, "उजवीकडचा गुलाबी आहे की रे." उजवीकडे ओएलईडी! वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळं होतं, निळा कमी पोचतो, म्हणजे त्यांचा जुळणारा पांढरा वेगळाच असणार. त्यांच्यासाठी वेगळा प्रीसेट करायचं ठरवलं होतं, पण हे लिहिताना डोक्यात आलं की १९३१ वाला ऑब्झर्व्हर नजरेच्या फक्त २ अंशांच्या तुकड्यापुरता आहे, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, आणि मी बघतो अख्खी स्क्रीन. मग १९६४ चा १० अंशवाला ऑब्झर्व्हर का नको? आर्गिल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑब्झर्व्हर बदलता येतो, फक्त पॅनलचा स्पेक्ट्रम फाइलमध्ये हवा. स्पेक्ट्रो शनिवारी परत द्यायचाय, त्याआधी दोन्ही पॅनलचे स्पेक्ट्रम उतरवून घेतो.