पुढचं प्रकरण वाचायचं नाही

आमच्या ऑनलाइन वाचनकट्ट्याला नियम एकच: ठरलेल्या प्रकरणांच्या पुढे वाचायचं नाही. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, हजेरी नाही. रविवारी रात्री साडेआठला फोन नाहीतर लॅपटॉप उघडायचा आणि त्या आठवड्याच्या दोन-तीन प्रकरणांवर बोलायचं. न्यू जर्सीच्या मंडळींकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की ती हमखास तासभर उशिरा उगवतात आणि झालेलं सगळं पहिल्यापासून सांगा म्हणतात.

नियम ऐकायला पोरकट वाटतो, मान्य आहे. सव्वाशे वर्षांहून जुन्या कादंबरीत शेवटी काय होतं हे कोण कुणापासून लपवणार? बी.ए.ला मराठी घेतलेल्यांनी तर ते पेपरात लिहून गुणही मिळवलेत. पण आम्ही सुरुवात केली हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’पासून, आणि तिला हा नियम चपखल बसला. मुळात ती हप्त्याहप्त्यानंच लोकांपर्यंत पोचली होती. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ही गोष्ट येऊ लागली. पुस्तक झालं ते १८९३ साली. गोष्टीची नायिका यमू, तिचं पुढे काय झालं हे कळायला पहिल्या वाचकांना अंकाची वाट बघावीच लागे. आपण मात्र ती जाडजूड बांधणीत, भरभक्कम प्रस्तावनेसकट हातात घेतो आणि चार पानांतच आदरानं थकून जातो. आठवड्याला थोडी थोडी वाचली की तो आदर गळतो. यमूच्या तापट वडिलांचा राग येतो. तिच्या भावानं, दादानं जरा बोलायला हवं होतं असं वाटतं. तिच्या सासरच्या शंकरमामंजींबद्दल आमच्या इचलकरंजीच्या काकू जे बोलतात ते कुठल्या समीक्षाग्रंथात छापता यायचं नाही.

समीक्षा म्हणाल तर मला कट्ट्यावर ती फारशी मानवत नाही. ‘इथे लेखकाचं निवेदनतंत्र पाहिलं तर’ असं कुणी सुरू केलं की मी माइक बंद करून मेथी निवडायला घेते. पण ‘हिनं सरळ माहेरी निघून जायचं ना!’ असं कुणी म्हटलं की मेथी तशीच राहते. मग बडोद्याहून प्रश्न येतो, ‘कुठलं माहेर? आई गेलेली, वडील तसले.’ पुढचा पाऊण तास माहेर या एकाच विषयावर जातो, आणि त्यात यमू कधी येते कधी जाते हे कळतही नाही.

गंमत म्हणजे प्रत्येकाची प्रत वेगळी. हरिभाऊ १९१९ साली गेले. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे ही कादंबरी आता कुणीही छापावी, कुणीही इंटरनेटवर चढवावी. कुणाकडे आजोबांच्या कपाटातली, कुणाकडे नवी चकचकीत. पान नंबर सांगून काही उपयोग नाही. ‘प्रकरणाच्या सुरुवातीपासून मोजा, चौथा परिच्छेद, मोठा आहे बघा’ अशा खुणा द्याव्या लागतात. माझ्याकडे एका जुन्या ग्रंथालयाच्या प्रतीचं स्कॅन आहे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हद्दपार केलेले अनुस्वार त्यात अजून डोक्यावर नांदतायत, आणि जांभळा शिक्का नेमका मजकुरावर. पण खरी मजा समासात. तिथे पेन्सिलीची तीन-चार वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत. एकानं ‘अगदीं खरें’ लिहिलंय. त्याच्याखाली दुसऱ्यानं, ‘ग्रंथालयाच्या पुस्तकांवर लिहूं नये.’ लिहूनच! आणि शंकरमामंजींच्या एका संवादाशेजारी बारीक अक्षरात एकच शब्द: ‘मेला’. मी तेवढा तुकडा फोनवर मोठा करून सगळ्यांना दाखवला. काकू म्हणाल्या, ‘बघा, मी एकटीच नाही.’

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडावेत. नियम म्हणजे नियम.

यमूचे पती रघुनाथराव जातात आणि यमूचं बळजबरीनं केशवपन होतं, ती प्रकरणं आली त्या रविवारी कादंबरीवर कुणी बोललंच नाही. सांगलीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एरवी घड्याळ लावून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, आमच्या घरात पणजीचा एकच फोटो आहे, सगळं कुटुंब पुढे बसलंय आणि ती दाराच्या चौकटीशी, डोक्यावरून विधवेचं आलवण ओढून. न्यू जर्सीहून कुणीतरी विचारलं, ‘नाव काय होतं त्यांचं?’ मुख्याध्यापिकाबाई गप्प. घरात सगळे तिला ‘आत्याबाई’च म्हणत. त्या आठवड्यात मग बऱ्याच जणांनी आपापल्या घरच्या वंशावळी काढल्या. वंशावळीत पुरुषांची नावं सात-सात पिढ्यांची. बायकांची काही सापडली तीही सासरी ठेवलेली. माहेरचं नाव एकीचंही मिळालं नाही. यमूनं निदान स्वतःची हकीकत स्वतः सांगितली आहे. ती तिच्या तोंडून वदवणारा पंचविशीचा तरुण होता, ही गोष्ट निराळी.

मग साताऱ्याचे सर बोलले. ते कुणबी घरातले. ‘आमच्यात पाट लागायचा. माझी पणजी दुसऱ्यांदा नांदायला गेली, पाच मुलं झाली तिला. मला शाळेत ही कादंबरी शिकवली तेव्हा वाटलं होतं, या गावात कुठलं घर आहे हे?’ त्यांचं बोलणं इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी आणखी एक विचारलं: वस्तरा ज्याच्या हातात होता त्याचं काय? कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी १८९०च्या सुमारास सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे ‘करमणूक’ निघत होतं त्याच सुमारास. त्याच १८९०च्या नोव्हेंबरात जोतीराव फुले गेले. दुसऱ्या वर्षी मुलींचं संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा आला आणि त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं ते प्रसिद्धच आहे.

एकटीनं वाचताना यातलं मला काहीच दिसलं नसतं. मी यमूसाठी रडले असते, पुस्तक मिटलं असतं, आणि ‘किती सोसलं बाई त्या काळच्या बायकांनी’ म्हणून चहा टाकला असता. रडायला कुणाची सोबत लागत नाही. पण त्या गोष्टीत कोण कोण नाही हे दाखवायला दुसऱ्या घरातला माणूसच लागतो, आणि एरवी माझ्या हॉलमध्ये सातारा, बडोदा आणि न्यू जर्सी एकाच वेळी कधी येणार?

आता पुढचं पुस्तक विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९ सालचं. बोटीवरची गोष्ट, एक महाराष्ट्रीय तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत असा दुसरा पक्ष होता, तो थोडक्यात हरला. पुस्तक बारीक आहे, दोन रविवारांत उरकू, अशीही सूचना आली. ती एकमतानं फेटाळली. हॅर्टाचं शेवटी काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तोंड बंद ठेवायचं कबूल केलंय. पण रत्नागिरीच्या एकांनी ते कबूल करतानाच असा काही सुस्कारा सोडला, आणि तोही माइक चालू ठेवून, की काकू भडकल्याच. त्यांनी दंड सुचवला आहे: पुढच्या रविवारी रत्नागिरीकरांनी फक्त ऐकायचं.