तिसऱ्या पेटीतला अडकलेला नर

मागच्या नोंदीत फुशारकी मारली होती: मधमाश्यांच्या पेटीतल्या सुपरखाली (मध साठवायचा वरचा मजला) एस्केप बोर्ड (माश्यांना खाली जाऊ देणारी, परत वर येऊ न देणारी फळी) सरकवा, निवांत झोपा, दुसऱ्या दिवशी माश्या उतरलेला सुपर उचला. पहिल्या दोन पेट्यांनी लाज राखली. तिसरीने नाक कापलं.

36 तासांनी झाकण उघडलं, तर सुपर माश्यांनी गच्च. आधी फटींवर संशय. पण कडेने चिकटपट्टी मारलेली होती (वरून वाट राहिली की शेजारच्या पेट्या लुटायला येतात, एकदा भोगलंय). बोर्ड उलटा? तेही नाही. शेवटी पोर्टर एस्केप (बोर्डातला स्प्रिंगांचा एकेरी दरवाजा) सोडवून उजेडात धरला. दोन स्प्रिंगांच्या टोकांमध्ये जेमतेम तीन मिलिमीटरची फट, आणि तिच्यात एक नर डोकं खुपसून मेलेला. बाटलीला बूच बसावं तसा.

चिमट्याने काढला, प्रोपोलिस (माश्यांचा चिकट डिंक) खरवडलं, बोर्ड परत लावला. सकाळी पाहतो तर पहिले पाढे पंचावन्न.

मग दुपारी स्मोकर (माश्यांना धूर द्यायचं भांडं) घासताना ट्यूब पेटली. हा नर सुपरमध्ये आला कुठून? राणीजाळीतून (राणीला सुपरमध्ये येऊ न देणारी जाळी) तो वर चढूच शकत नाही. म्हणजे जन्मला तिथेच! वही काढली. 22 दिवसांपूर्वी खालची गर्दी कमी करायला मीच पिलाव्याची (अंडी-अळ्यांची) एक फ्रेम वर नेली होती. कामकरी माशी अंड्यापासून 21 दिवसांत बाहेर पडते, म्हणून फ्रेम रिकामी झाली असं धरून बसलो. नराला 24 लागतात. फ्रेम उचलली, तर खालच्या कोपऱ्यात गोळ्यांसारखी फुगीर झाकणं, नरांची मोजून 19 घरं. तेवढ्यासाठी सगळा सुपर ठाण मांडून होता. पिलावा सोडून माश्या खाली उतरत नाहीत, हे मीच नवख्यांना ऐकवत असतो.

माझे दोन्ही मजले एकाच उंचीचे, त्यामुळे ती फ्रेम झटकून खाली दिली आणि खालची कडेची रिकामी फ्रेम वर घेतली. झटकायला पीस वापरलं. दुकानातल्या त्या मऊ ब्रशचे केस माश्यांच्या पायांत गुंततात आणि त्या नुसत्या पिसाळतात, माझ्या मते पैसे वाया. बोर्डही बदलला: पत्त्यातल्या चौकटीच्या आकाराची वाट असलेला, स्प्रिंगच नाही, अडकायला काही नाही. मात्र तो दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, माश्यांना परतीची वाट सापडते.

आज सकाळी सुपरवर टिचकी मारली. आतून हूं नाही की चूं नाही. आत नऊ माश्या! धूर जवळपास लागलाच नाही, त्यामुळे मधाला धुरकट वासही नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर मधाचा ओलावा 18.2 टक्के. माश्या उतरलेला सुपर उघड्यावर ठेवला नाही, लगेच आत नेला.

माश्या उडवून लावायला ब्लोअर घ्यायचा बेत होता, तो रद्द. चौथ्या पेटीला बोर्ड आणि जाळी यांच्यामध्ये एक रिकामा सुपर देणार, उतरलेल्यांना जागा हवी. थांबा, लिहिता लिहिता सुचलं: बोर्ड असताना राणी मधाच्या सुपरमध्ये येऊच शकत नाही, मग तेवढे दिवस जाळी कशाला? काढूनच ठेवतो, नरांनाही थेट खाली वाट. परत लावताना राणी त्या रिकाम्या सुपरमध्ये चढलेली नाही ना, एवढं बघायचं. आज संध्याकाळीच करून बघतो.